नावेतली माझी जागा

कॅनडातल्या एका नदीतून सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाव वल्हवत खाली जायचं, हा बेत मी दुबईच्या करामा भागातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आखला. त्या नदीचं नाव इथे लिहीत नाही. नवऱ्याच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलंय की आता ते त्याच्याकडेच राहू दे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. करामात तेव्हा दर दुसऱ्या घरात कॅनडाचे फॉर्म भरले जात होते, आणि माझा धाकटा दीर दुबईला कंटाळून तिकडे जाऊन पोचलाही होता. आमची सुट्टी एरवी ठरलेली. मुंबई, मग सासर, मग माहेर, सगळीकडे बॅगा उघडायच्या, ज्याला जे आणलं ते कमीच पडायचं, आणि दमून परत यायचं. त्या वर्षी नवऱ्याच्या मनात आलं की या खेपेला भावाकडे जाऊ. दिराचा फोन आला. "वहिनी, इथली नदी बघाच तुम्ही. कनू भाड्यानं मिळते. फुल डे ट्रिप करू, यल्ला." दुबई सोडली तरी त्याचं अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', सुटलं नव्हतं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी नाव, आणि त्याच्याकडे तिच्यातून जाण्याचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव होता.

"प्लॅनिंग तू कर," नवरा मला म्हणाला. "तुला नदीतलं कळतं. मला काय, ऑफिसचं टेंडर असतं तर केलं असतं."

तुला नदीतलं कळतं. हे तो स्वतःच्या तोंडानं बोलला होता, म्हणून लिहून ठेवते.

मला कळतच होतं. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी माझं माहेर. पाठीला सुका भोपळा बांधून मी पोहायला शिकले, आणि भोपळा सुटला तो दुसऱ्याच उन्हाळ्यात. गुऱ्हाळ बंद असलं की गूळ करायची मोठी काहील पाण्यात लोटायची आणि त्यात बसून पलीकडच्या मळ्यात जायचं, ही आमची नाव. काहील सरळ चालत नाही, गरगर फिरते. जरा जोर चुकला की निघालो तिथेच तोंड करून परत. मी ती एकटी पार न्यायचे. पाणी कुठे ओढतं, कुठे नुसतं चमकतं आणि खाली खडक असतो, हे मला काठावरून दिसायचं. लग्न होऊन दुबईत आले आणि हे सगळं ज्ञान फडताळात गेलं. इथे खाडी होती, समुद्र होता, पण पोहायचा ड्रेस घालून चारचौघांत उतरणं नवऱ्याला पसंत नव्हतं. शुक्रवारी जुमेराच्या बीचवर आम्ही जायचो तेव्हा मी सलवार वर धरून काठाशी उभी. आमच्या मुलीनं मला घोट्याच्या वर पाण्यात कधी पाहिलं नव्हतं.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पाण्याला भयंकर घाबरायची. शाळेत पोहण्याचा तास असला की त्या दिवशी हमखास पोट दुखायचं. मी समजावायला गेले की म्हणायची, "यू डोन्ट नो, आई. इट गोज इन माय नोज." मला माहीत नाही. मी काय सांगणार, आणि तिनं तरी कशावरून विश्वास ठेवायचा? म्हणून ही नदी मला हवी होती. मुलीला माझ्यापुढे बसवून मागून नाव वल्हवायची, एकदा तरी तिनं मला माझ्या जागी बघायचं. प्रवास, बर्फाचे डोंगर, बाकीचं सगळं मिळालं तर मिळालं.

मी अभ्यासाला बसले. दिरानं पोस्टानं नकाशा पाठवला, नवऱ्यानं ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून इंटरनेटवरची पानं काढून आणली. ती नदी बर्फाच्या डोंगरातून येते. भर उन्हाळ्यातसुद्धा तिचं पाणी असं की माणूस पडला तर बुडण्याआधी थंडीनंच जाईल. म्हणून अंगात सुती काही नको, ओलं झालं की सुती कपडा वैरी होतो. प्रत्येकाचा एक कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड गुंडाळून, नावेला बांधलेला. एक वल्हं जास्तीचं. दुपारनंतर वारा खालून वर येतो, तेव्हा लांबचा पल्ला सकाळीच मारायचा आणि जेवण गोट्यांच्या बेटावर उरकायचं. मधे एके ठिकाणी दुसरी नदी येऊन मिळते, त्याच्या खाली पाणी खवळलेलं. तिथे डाव्या काठाला लागून उतरायचं, आधी चालत जाऊन बघायचं, मग ठरवायचं. आणि शेवटचा पूल चुकवायचा नाही, कारण त्याच्यानंतर रस्ता नदीपाशी फार उशिरा येतो.

नवऱ्याला एकच गोष्ट समजेना. दोन गाड्या कशाला? मी टेबलावर ओढणी पसरली, ती नदी. दोन वाट्या घेतल्या. "अहो, ही भावजींची व्हॅन, ही जाऊबाईंची गाडी. सकाळी आधी एक वाटी खालच्या पुलापाशी ठेवून यायची. मग सगळ्यांनी दुसऱ्या वाटीतून वर जायचं आणि नावेत बसायचं. नदी आपल्याला खाली सोडते, वर आणून देत नाही. खाली गाडी नसेल तर ओले कपडे घालून तिथेच बसाल." त्यानं वाट्या दोनदा हलवून बघितल्या आणि मान डोलावली. मुलगी म्हणाली, "सो स्मार्ट, आई." त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

सराव करू म्हटलं. उम्म अल क्वैनच्या खाडीत वल्ह्याच्या नावा भाड्यानं मिळतात, एक शुक्रवार जाऊन येऊ. नवरा म्हणाला, तिथे ऑफिसचे लोक फॅमिली घेऊन येतात, तमाशा नको. त्याला पोहता येत नाही आणि ते लोकांना कळू द्यायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मी विषय सोडला.

त्याला गाडीही येत नव्हती. दुबईच्या लायसनची टेस्ट तो इतक्यांदा नापास झाला होता की शेवटी त्यानं तो नादच सोडला. प्रत्येक वेळी चूक इन्स्पेक्टरची असायची. नाचता येईना अंगण वाकडं. मी दुसऱ्या खेपेला पास झाले. तेव्हापासून गाडी मी चालवायची आणि तो शेजारी बसून रस्ता दाखवायचा. त्याचे मित्र चेष्टा करायचे, "काय साहेब, आज मॅडमनी सोडलं का?" तो हसायचा, पण त्या दिवशी घरी जेवणात मीठ कमी निघायचं. बायकोच्या हातात स्टिअरिंग आहे ही गोष्ट त्यानं नाइलाजानं गिळली होती, पचवली कधीच नव्हती.

निघायला महिनाभर होता आणि दिराचा फोन आला, जाऊबाईंना दिवस गेलेत. आनंदच झाला. पण म्हणजे ती नावेतून बाद, आणि तिची गाडीही, कारण अशा दिवसांत तिला गाडीशिवाय घरी एकटं ठेवायचं नाही. हे बरोबरच होतं. मी लगेच दुसरा मार्ग काढला. भाड्यानं नाव देणाऱ्या दुकानातली माणसं गाडी खाली नेऊन ठेवतात, आधी सांगून ठेवायचं. दोन नावा घ्यायच्या. एकीत भावजी आणि नवरा, दुसरीत मागे मी आणि पुढे मुलगी.

नवरा म्हणाला, "तू आणि ती, एकट्या? आर यू मॅड?"

"मग तुम्ही या माझ्या नावेत, पुढे बसा. मुलगी भावजींबरोबर बसेल." त्यासाठी मी मुलीला माझ्यापासून उचलून दुसऱ्या नावेत ठेवलं होतं. निदान शेजारून तरी ती मला बघेल.

"आणि तू मागे बसून मला वळवणार?"

"नाव मागचाच माणूस वळवतो. तुम्ही आणलेल्या पानांतच लिहिलंय."

त्यानं उठून दिराला फोन लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं. दोघा भावांचं बोलणं मी टेबलाशी बसून ऐकलं. दीर म्हणाला, दुकानवाल्यांचं होऊ शकेल, विचारतो. नवरा म्हणाला, "छोड ना यार. बाहेरच्या माणसाच्या हातात किल्ली कशाला द्यायची? घरचं माणूस आहे ना. हिच्याकडे लायसन आहे, तिकडे पण राइट साइडलाच चालवतात. इंटरनॅशनल काढून घेऊ. आपण एकच कनू घेऊ, तू, मी आणि बेबी मधे. ही व्हॅन खाली आणेल. खलास."

"वहिनी, चालेल ना तुम्हाला?" दिरानं विचारलं. तो भला माणूस आहे. पण त्यानं ते ठरल्यावर विचारलं.

"चालेल ना, ती कुठे नाही म्हणते," माझ्या वतीनं नवऱ्यानं उत्तर दिलं.

फोन ठेवल्यावर मी भांडले. सोसून घेणारी बाई मी नव्हे. म्हटलं, नदी माझी, बेत माझा, पोहायला मला येतं, आणि नावेत तुम्ही? तो शांतपणे म्हणाला, "अगं पण प्रॅक्टिकली बघ ना. मला ड्रायव्हिंग येत असतं तर मी थांबलो असतो. मला येत नाही, त्याला मी काय करू?" आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ज्याला वल्हवता येत नाही, पोहता येत नाही, गाडी येत नाही, तो नावेत बसणार, कारण दुसरं काही काम त्याला देताच येत नव्हतं. खाली गाडी लागते हे तर मीच वाट्या मांडून त्याला शिकवलं होतं.

मग मी मुलीकडे वळले. म्हटलं, तू माझ्याबरोबर गाडीत येतेस का? ती घाबरलेली होतीच, हो म्हणाली असती. पण नवऱ्यानं तिला बोट धरून नकाशापाशी नेलं, मी खुणा केलेल्या जागा दाखवल्या आणि म्हणाला, बाबा आहे ना. तिनं मान हलवली.

ट्रिप झाली. सकाळी त्यांना पाण्यावर सोडलं. मुलीच्या जॅकेटचे पट्टे मी ओढून बघितले, पिशवीची गाठ तपासली, दिराला सांगितलं, संगमाखाली डाव्या काठानं. नाव वळणाआड गेली. मी व्हॅन घेऊन खालच्या पुलावर आले, तेव्हा सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. मग संध्याकाळपर्यंत तिथे बसले. नदी पुढ्यातून जात होती, काचेसारखी, कृष्णेच्या तिप्पट वेगानं. एकदा वाटलं, उतरावं, निदान गुडघ्याएवढं. पण किल्ली माझ्याकडे, आणि मला काही झालं तर सगळ्यांना घरी कोण नेणार? मी घरचं माणूस होते.

ते आले तेव्हा मुलगी नावेत उभी राहून हात हलवत होती आणि दीर तिला खाली बस म्हणून ओरडत होता. ती ओली होती, गालांवर लाली होती, आणि भीती कुठे गेली होती देव जाणे. नवरा वाटेत उतरताना कमरेएवढ्या पाण्यात पडला होता आणि मी भरलेला कोरडा जोड त्याच्या अंगावर होता. मुलीकडे बघून मला आनंद झाला. तो खरा होता. पण त्या आनंदाखाली जे होतं तेही खरं होतं, आणि ते अजून गेलेलं नाही.

सप्टेंबरात करामात आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला आली. मी वडे तळत होते आणि बाहेर नवरा नदी सांगत होता. सुती कपडे का घालायचे नाहीत. दुपारचा वारा कुठून येतो. खवळलेल्या पाण्याआधी डाव्या काठाला उतरून चालत का जायचं. एकेक वाक्य माझं, आणि सांगणारा असा की जणू जन्म नदीत गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा एका मित्राच्या बायकोनं विचारलं, "आणि वहिनी, तुम्ही नाही बसलात नावेत?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा हसत म्हणाला, "हिला पाण्याची भीती वाटते हो. जुमेराला पण बघा ना, कायम काठावर. ही आपली गाडीतच बरी."

सगळे हसले. कुणी वाईट हसलं नाही. मी म्हणाले, "मी कृष्णा पोहून पार केलीय." मित्र म्हणाला, "अरे वा, वहिनी," आणि ताटातला वडा उचलला. पुढचा प्रश्न अस्वलांविषयी होता.

स्वयंपाकघरात मी कढईपाशी उभी असताना मुलगी मागून आली आणि माझ्या कमरेला हात घातला. म्हणाली, "इट्स ओके, आई. आय वॉज स्केअर्ड टू. नेक्स्ट टाइम यू सिट विथ बाबा. ही विल टीच यू."

"मला येतं पोहायला," मी म्हणाले. "तुझ्याएवढी होते तेव्हापासून येतं."

"आय नो, आई," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर थोपटलं, मोठ्या माणसानं लहान मुलाला थोपटावं तसं. तिच्या आवाजात खरी माया होती. त्या मायेचा मला जेवढा राग आला, तेवढा नवऱ्याचा आयुष्यात कधी आला नाही.