गोविंदरावांचा सूट मी निवडला

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, देवालाही नाही — देवळात जायचो, भलतंच काही मागून परत यायचो. अकरा वर्षं अशी काढली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि आता तुम्हाला सांगतोय. वाचताना मान हलवून ‘होतं असं माणसाकडून’ म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे.

मी शिंपी. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत दुकान. बाप शिंपी, आजा शिंपी. घरात बोली तंजावुरी मराठी, तमिळ वळणाची. हात सोन्याचे आहेत म्हणतात लोक. अजून म्हणतात, आणि मी अजून हसून ऐकून घेतो — काय म्हणायचं या हसण्याला?

धाकटी बहीण सरोजा. तिचे यजमान गोविंदराव शाळेत गणित शिकवायचे. सरळ माणूस. एकच वेड — मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, लागला की दर रविवारी पहाटेच्या बसनं मल्लिपट्टणम गाठायचं आणि मुरुगेशन नावाच्या कोळ्याच्या होडीतून गळ टाकायला समुद्रावर जायचं. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटतो, समुद्र खवळलेला असतो, आणि गोविंदरावांची छाती नाजूक. कावेरीकाठी जन्मून पोहता येत नव्हतं, ते वेगळंच. एका वर्षी सरोजानं अडवलं. वारा अडवेल आणि पाण्यात पडलात तर तरंगत ठेवेल, असा अंगभर सूट घ्या. चेन गळ्यापर्यंत लावून बसा. नाहीतर जाऊ नका. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. मी तिथंच पायरीवर बसलो होतो.

कपड्याचं काम, म्हणून निवडायला मला नेलं. नागपट्टणमच्या बंदराजवळ जहाजांवरचं उतरलेलं सामान विकणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे असे दोनच सूट टांगलेले. एक नवा — भडक नारिंगी, ढगळ, शिवण अशी की माझ्या दुकानात कुणी घातली असती तर मी कानशिलात दिली असती. दुसरा जुना, परदेशी, निळा. काय कापड होतं! दुहेरी शिवण, आतून पट्टी, काखेत एक चुणी नाही. गोविंदरावांनी अंगावर चढवला आणि बसला. असा बसला की जणू मीच मापं घेतली होती.

म्हाताऱ्यानं निळ्या सूटची छाती दोन बोटांनी दाबून दाखवली. म्हणाला, कापड बघू नका, आतलं मेलंय, हा समुद्रावर नेऊ नका. तमिळमध्ये, शांतपणे, दोनदा म्हणाला.

मी हसलो. तीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला हा जुनाबाजारवाला शिकवणार? गोविंदराव माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, निळा घ्या. आत काय असेल ते मी बघतो.

आणि बघितलं. दुकानात आणून अस्तर उसवलं. आतला फोम शिळ्या रस्कसारखा, बोट लावलं की चुरा. त्याच दिवशी परत जाता आलं असतं. नारिंगी सूट तिथंच टांगलेला होता. पण मग म्हणावं लागलं असतं — चुकलो. माझ्या बापाचा एक नियम होता. कात्री चालली की जीभ चालवायची नाही. कापड चुकीचं कापलं गेलं तर चुणी घालून झाकावं, गिऱ्हाइकाला सांगू नये. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. बापानं झंपर शिवले, जीव नाही शिवला कुणाचा. त्याला मधे ओढतोय तो मी.

शेजारी गाद्या-गिरद्यांचं दुकान. तिथला स्पंज आणला. कापून, तासून, कप्प्याकप्प्यात भरला आणि अस्तर असं शिवलं की उसवलं होतं हे मलाही ओळखू येईना. मला अभिमान वाटला. ऐकताय ना? अभिमान.

आता खरं ते. त्या स्पंजचा एक तुकडा उरला होता. मी तो घरी नेला आणि आंघोळीआधी बादलीत टाकला. कशाला टाकला, मनात शंका नव्हती तर? तरंगला. मला बरं वाटलं. आंघोळ करून आलो, पंचा गुंडाळला, बादलीत पाहिलं. तुकडा तळाशी होता.

म्हणजे मला माहीत होतं. ‘लक्षात आलं नाही’ — नाही. ‘अंदाज चुकला’ — नाही. मी बादली ओतून दिली, तुकडा पिळून केरात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सूट इस्त्रीच्या कपड्यांसारखा घडी घालून सरोजाच्या घरी पोचवला. वरचं कापड पाणी आत येऊच देणार नाही, असं स्वतःला सांगितलं. एवढ्या टाक्यांच्या भोकांतून? शिंप्याला टाक्याचं भोक माहीत नाही?

तिसऱ्या रविवारी लाट आडवी आली आणि होडी उलटली. मुरुगेशन आणि त्याचा भाऊ रिकाम्या डब्यांना धरून राहिले. गोविंदराव थोडा वेळ वर होते. मग नाही.

पोलिसांचं सगळं झाल्यावर मुरुगेशन सूट घेऊन माझ्या दुकानात आला. उभ्या उभ्या रडला. म्हणाला, वर ओढताना भिजलेल्या भाताच्या पोत्यासारखे जड लागले, दोघांना उचलेनात. आणि म्हणाला, चेन गळ्यापर्यंत होती, अडकली होती, सुरीनं कापावी लागली. मी त्याला म्हटलं, हे माझ्या बहिणीला सांगू नकोस, तिला सहन व्हायचं नाही. त्यानं माझे हात धरले. मी किती विचार करतो बहिणीचा, असं वाटलं असणार त्याला.

तेराव्याच्या आधीच सरोजानं विचारलं, “अण्णा, ते चेन लावले नव्हते की काय?”

मी म्हटलं, “नसतील लावले. उकडतं म्हणायचे.”

दोन वाक्यं. मेलेल्या माणसावर ढकललं. तो काय बोलणार होता?

दुःखी बाई रडते, रडून कधीतरी थांबते. सरोजा रडली नाही, चिडली. हातावर हात ठेवून दिलेला शब्द मोडून मेला नवरा. तिनं त्यांचा फोटो पेटीत घातला. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक करायची, पण पानाजवळ उभी राहायची नाही. मुलीला, मीनाक्षीला, म्हणायची, “तुझ्या बापाला आपल्यापेक्षा वारा प्यारा होता.” मी समोर बसून कॉफी प्यायचो. प्रत्येक वेळी. कप खाली ठेवून एकदाही म्हटलं नाही की थांब.

आमच्याकडे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर मुलांच्या नावापुढे लावतात. गेल्या महिन्यात मीनाक्षीचा चेन्नईहून फोन आला. तिला ते अक्षर काढून आईचं लावायचं होतं. अर्जावर साक्षीदार म्हणून मामांची सही हवी होती — कारण, म्हणाली, मामा तुम्हीच उभे राहिलात आमच्यामागे.

अर्ज टपालानं आला. पेन उघडलं. सही करायला निघालोच होतो, हेही लिहून ठेवतो. मग ते सगळं टेबलावर तसंच टाकून सरोजाच्या घरी गेलो. देवनागरी आमच्या घरात मला एकट्याला वाचता येते, आजोबांनी शिकवली म्हणून; सरोजाला तमिळच वाचता येतं. हे आधी लिहून काढलं असतं तर ते पुन्हा लपणंच झालं असतं. तोंडानं सांगायला हवं होतं.

ती चिंच निवडत होती. मी सगळं सांगितलं. म्हातारा, स्पंज, बादली, मुरुगेशन, चेन. तिनं चिंचेचे हात पुसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की मेलेल्या नवऱ्याकडे ती अकरा वर्षं कशी बघत होती.

मग तिनं फोन घेतला आणि माझ्यासमोर मीनाक्षीला लावला. “तुझे बाबा चेन लावले होते,” म्हणाली. “मामा खोटं सांगिटले.” आणि फोन माझ्यापुढे धरला.

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. पोरगी रस्त्यात कुठंतरी उभी असावी.

“पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली. या खेपेला मामा म्हणाली नाही.

मी पहिल्यापासून सांगितलं.