समुद्राची पावडर

सोलापूरला समुद्र नाही. तरी आमच्या बाकावर रोज समुद्राचीच गोष्ट निघते. माझी बायको गंगव्वा हिला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. तिला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला दवाखान्यात आणतो. मशीनच्या खोलीबाहेर नंबर लागेपर्यंत बसायचं, आणि चार दुखणाईत एकत्र बसले की किस्से साचतातच. मी हळू बोलणारा माणूस. पण हे सांगताना माझाही आवाज चढतो.

सुरुवात मल्लूनं केली. मल्लू माझा मेहुणा, टेंभुर्णीचा. डबा घेऊनच आला.

"दाजी, समुद्रातल्या शेवाळाची पावडर हाय! मोबाईलवर आलंय, शास्त्रज्ञांनीच शोधलंय. जेवण झालं की एक चमचा."

"जेवण झालं की?" मी म्हणालो. "मल्लू, जेवण उतरत असतं तर हितं कशाला आलो असतो रे?"

त्या दिवसापासून गंगव्वाचं सुरू झालं. "शेकानं घसा जळतो. पावडरनं जळत न्हाय. शेक बंद करू या की." तिला खोटं तरी कसं म्हणू? घसा जळतो, हे खरंच होतं. रात्री पाण्याचा घोट घेताना ती माझा हात घट्ट धरते.

मी मल्लूला डॉक्टर मॅडमसमोर उभं केलं. मॅडम बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, "समुद्रातल्या शेवाळावर, स्पंजवर संशोधन चालू आहे, खरं आहे. त्यातल्या काही द्रव्यांनी काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात. पण बशीला घसा नसतो, लिव्हर नसतं. माणसाला चालतं का, हे तपासायला वर्षं लागतात. शेक मात्र सोडू नका."

बाहेर येताच मल्लू टाळी देत म्हणाला, "बघा दाजी, मॅडमनीच कबूल केलं! मरतात!"



शेजारची एक बाई घरी भेटायला आली. गंगव्वाच्या उशाशी बसली, बोटावर तंबाखूची मशेरी घेतली आणि दात घासत घासत म्हणाली, "कुणाला काय व्हईल सांगता येत न्हाय बाई. देवाची मर्जी!"

गंगव्वानंही तीस वर्षं मशेरीच लावली. मॅडमनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं. मी त्या बाईला हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला बाहेर काढलं!

आमच्या बाकावर रफिक बसतो. त्याच्या वडिलांना हाच आजार. तो सांगत होता, "चाचा, हम आधा शेक छोडके डब्बा चालू किये. अब पानी बी नै उतरता. कंपनी को फोन किया तो बोले, डोस कम पडा, दूसरा डब्बा लेव!"

मी गंगव्वाकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "डबा संपत आला. सात रस्त्याच्या चौकात पावडरचं दुकान हाय म्हणं. उद्या तिथं चला. शेक नको."

मी वाद घातला नाही. सकाळी रिक्षा केली. दुकानदार तरुण, गोड बोलणारा. समोर डब्यांची उतरंड. "आजी, पूर्ण नैसर्गिक! मशीनबिशीनची गरजच नाही!"

आत, पडद्याआड, एक म्हातारी स्टुलावर बसली होती. नाकात नळी. तिनं गंगव्वाला पाहिलं आणि पडदा सारून पुढं आली.

"तंगी, माझे भैनी, तू हितं कशी? आज शेक न्हाय का तुझा?"

गंगव्वानं तिला ओळखलं. दोघी एकाच बाकावर बसत होत्या की!

"तुमी हितं कशा, अव्वा?"

"माझ्या पोराचंच दुकान हाय. मला शेकाला दवाखान्यात सोडायला निघालाय बघ आता. माझ्या आधी तुझा नंबर असतो. जा, लवकर जा."

दुकानदार डबे पुसू लागला. गंगव्वा माझ्याकडे वळली.

"अहो, बघताय काय? रिक्षा थांबवा की!"