मामांचा वेगळा चमचा

माणसांना एवढा जीव लावणारा आणि त्याच माणसांच्या तोंडाला एवढा भिणारा गृहस्थ अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. शिरोळकडचे बागायतदार, आवाज असा, की उसाच्या एका सरीत बोलले तर पलीकडच्या बांधावरची म्हैस मान वर करायची. पण हसायची वेळ आली की हात तोंडावर जायचा. त्या हाताआड काळे पडलेले, किडके दात होते, आणि दाताची कीड खरजेसारखी एकाची दुसऱ्याला लागते, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कोल्हापुरात गंगावेशीला म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेले तरी पिशवीतून स्वतःचा पितळी पेला निघायचा. दूधवाल्यानं एकदा विचारलं, की पावणं, आमचा गलास घाण हाय व्हय? मामा म्हणाले, "तुझा चांगला हाय रं, माझंच तोंड वाईट हाय." मिसळ खाताना कुणी त्यांच्या कटात पाव बुडवला, तर ते अख्खी ताटली त्याच्याकडं सरकवायचे आणि स्वतःला नवी मागवायचे. त्यांचे भाचे मग भूक असेल त्या दिवशी मुद्दामच पाव बुडवायचे.

ही भीती आली कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी त्यांची आई भाकरी स्वतः चावून, मऊ करून त्यांना भरवायची. तिचेही दात असेच. "जावईबापू, आईनं शेत दिलं, घर दिलं, आनि दात बी तिचंच दिलं," एवढं बोलून ते उसाला पाणी सोडायला उठले.

आमच्या मुलीचं उष्टावण ठरलं. बायकोला सख्खा भाऊ नाही, तेव्हा पहिला घास भरवायचा मान मामांचा. माझ्या आईनं खिरीवर फुंकर मारली आणि गरम आहे का बघायला चमचा ओठाला लावला. आमच्याकडं सगळ्याच आज्या असं करत आल्या. मामांनी भरल्या घरात, त्यांच्या त्या आवाजात सांगितलं, "ईनबाई, ती वाटी आता तुमची. पोरीला दुसरी आना." आईनं दुसरी आणली, पण त्या दिवसापासून ती मामांशी माझ्यामार्फतच बोलू लागली. दोघं समोरासमोर बसलेले असताना मी इकडचं तिकडं सांगायचो, आणि दोघांचाही अपराधी मीच, असं मला वाटत राहायचं.

मामांनी पोरीला चांदीचा चमचा आणला, तो कापडी पिशवीत घालून खिळ्याला अडकवला. दर खेपेला तो उकळत्या पाण्यातून निघायचा. पोरीला ते खांद्यावर घ्यायचे, घोडा व्हायचे, पण तिचा पापा कधी घेतला नाही. मलाही घेऊ द्यायचे नाहीत. आता खरं सांगून टाकतो, ती बंदी मला सोयीची होती. आमच्या घरात बापांनी लेकरांचे लाड करायची रीत नव्हती. जमत नाही म्हणण्यापेक्षा मामा रागावतील म्हणणं सोपं होतं.

पोर बालवाडीत गेली आणि एक दिवस गाल धरून रडायला लागली. राजारामपुरीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही सगळेच गेलो. मामा आईकडं असे बघत होते, जसा काही चोर सापडलाय. बाईंनी दाढेत कीड दाखवली. मामांनी लगेच विचारलं, ही उष्ट्यानंच लागली न्हवं? बाई म्हणाल्या, जंतू लाळेतून जाऊ शकतात, तेवढं तुमचं खरं. पण त्यांना रोज गोड खायला मिळालं, दात घासले गेले नाहीत, तरच ते दात पोखरतात. मग त्यांनी पोरीला विचारलं, गोड काय खातेस गं?

"काकवी," पोर म्हणाली. "झोपताना. मामाआजोबांच्या चमच्यानं."

गुऱ्हाळावरची ती काकवी मामाच आणायचे, डबा भरून. वेगळ्या, उकळलेल्या चमच्यानं द्यायची, आणि दात घासून झाल्यावर द्यायची, म्हणजे झोप चांगली लागते, हे त्यांनीच घालून दिलेलं. मामांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. आईला एवढ्या दिवसांचं एका वाक्यात फेडता आलं असतं. ती थेट मामांकडं वळून म्हणाली, "मामा, चाटवत मीच होते की. तुम्ही काय रोज इथं असताय?"

काकवी बंद झाली. झोपताना दात घासायचे आणि मग फक्त पाणी, असा नियम झाला. पोरीची दाढ भरून घेतली. मामांनी त्याच बाईंकडून स्वतःचे उरलेसुरले दात काढून घेतले आणि कवळी बसायच्या आधीच बोळक्या तोंडानं घरी आले. दारातूनच म्हणाले, "आता किडीला बसाय जागाच न्हाय. आना पोरगी हिकडं." त्यांनी तिच्या कपाळाचा पापा घेतला. तिनं कपाळ पुसलं आणि मिशी टोचते म्हणाली. मामा हसले. हात खालीच राहिला.

मामा गेले. लेक आता पुण्याला शिकते. बसस्टँडवर निघताना सवयीनं कपाळ पुढं करते. मामांच्या जागी आता मी असतो. मिशी मलाही आहे. ती अजून कपाळ पुसते.