रंगावर बसवलेला बेस

तिसऱ्यांदा ग्राइंडर मध्येच थांबला तेव्हा मी पॅनेलसमोर लॅपटॉप घेऊन उभा होतो, आणि माझ्या मागे अख्खी शिफ्ट तोंडाला फडकी बांधून माझ्याकडे बघत होती. मिरची पावडरचा प्लांट. ग्राइंडर भरलेला असताना थांबला की आतली मिरची हाताने उपसून काढावी लागते. ते काम काय असतं हे ज्याचे डोळे चुरचुरले त्यालाच कळतं. बायामाणसं निमूटपणे उपसत होती.

मी नंदुरबारचा. ऑटोमेशनची कामं करतो. म्हणजे कारखान्यातली यंत्रं ज्या छोट्या संगणकावर, म्हणजे पीएलसीवर, चालतात, ती पीएलसी निवडायची, बसवायची, तिच्यात प्रोग्रॅम टाकायचा. हा प्लांट धानोऱ्याच्या बाजूला, मालक किशोरभाऊ. पॅनेल, म्हणजे पीएलसीची पत्र्याची पेटी, मीच लावलं होतं, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी.

पीएलसीचा प्रोसेसर नुसता लटकवत नाहीत. त्याच्याखाली बेस असतो, म्हणजे खाचा असलेली लांबट पाटी. प्रोसेसर, पॉवर सप्लाय, बाकीची कार्डं सगळी त्या पाटीवर खटाखट बसतात आणि तिच्यातूनच एकमेकांशी बोलतात. हा बेस निवडण्यात मी भलताच काटेकोर. इथे सहा कार्डं लागत होती, मी आठ खाचांचा घेतला, पुढे प्लांट वाढला तर बेस बदलायला नको म्हणून. वर-खाली हवा खेळायला जागा सोडली. आडवाच बसवला, उभा नाही, कारण उभा लावला की खालच्या कार्डाची गरमी वरच्याला लागते. एवढं सगळं केलं आणि माती खाल्ली ती शेवटच्या चार स्क्रूंवर.

पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी लॅपटॉपवर एरर दिसत होती ती बेसवरच्या कार्डांशी संपर्क तुटल्याची. अशी एरर बहुतेक वेळा कार्ड ढिलं झालं की येते. मी विचारलं, पॅनेल कोण उघडतं?

पुढे आला तो ऑपरेटर, याकोब गावित. नवापूरकडच्या डोंगरातला, तिशी उलटलेला, आयटीआय केलेला. घरी त्यांची वेगळीच बोली, त्यामुळे आमच्याशी शाळेतली मराठी सांभाळून बोलायचा. हंगाम संपला की त्याला कायम करणार होते. बायकोमुलांना तो इकडे आणणार होता, खोलीही बघून ठेवली होती. हे त्यानेच मला चहा पिताना सांगितलेलं.

तो म्हणाला, रोज सकाळी पॅनेलचं दार तोच उघडतो आणि ब्लोअरने मिरचीची धूळ काढतो. मग म्हणाला, "साहेब, मोठी मोटर चालू झाली की लाल दिवा येतो. दरवेळी नाही, पण येतो तेव्हा तेव्हाच येतो. मी कार्डाला हात लावत नाही. एकदा मोटर चालवून बघा."

पण ग्राइंडर तुंबलेला असताना ती मोटर चालवता येत नव्हती. तो रिकामा व्हायला आणखी दीड-दोन तास गेले असते, आणि मला म्हसावदला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. मी कार्डं दाबून बसवली, मोटर बंदच ठेवून सगळं तपासलं. पीएलसी गुपचूप चालत राहिली. मग मी लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मशीनमध्ये काही नाही. ब्लोअर मारताना कार्ड हललंय. याला पॅनेल उघडू देऊ नका."

किशोरभाऊ म्हणाले, "मी सांगतंच व्हतू. रोज दार उघडी बसस तो."

 याकोबने ब्लोअरची वायर गुंडाळून ठेवली. मी गाडीला किक मारली आणि निघालो, कामाचा उरक आहे बुवा आपल्याला, असं स्वतःवरच खूश होऊन. आज ते आठवलं की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याला पॅनेलवरून काढून पथारीवर पाठवलं. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मैदान. आयटीआय झालेला माणूस मिरच्या पालथ्या घालत बसला. आठवडाभर बसला, मग आला नाही.

पॅनेलला कुलूप लागलं. किल्ली किशोरभाऊंच्या खिशात. आणि पंधरा दिवसांत ग्राइंडर पुन्हा थांबला, एकदा नाही, एकाच पाळीत दोनदा. फोन आला तशी मी गाडी काढली. कार्ड हलवायला आता कोणीच नव्हतं.

या वेळी मी आधी ग्राइंडर रिकामा करायला लावला, आणि मोटर चालवली. चौथ्यांदा चालवली तेव्हा लाल दिवा आला. याकोबने सांगितलं होतं तसाच.

मीटर लावला. बेसचं अर्थिंग डळमळत होतं, आकडा एका जागी थांबेना. मी बेसचे चारही स्क्रू काढले आणि पाटी उचलली. खाली गुळगुळीत, चकाचक केशरी ऑइलपेंट.

दसरा. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते आणि त्याआधी दिसेल त्याला रंग लागतो. पॅनेलचं उद्घाटनही त्याच मुहूर्तावर ठेवलेलं. मी बेस घेऊन पोचलो तर पॅनेलच्या आतला पत्रासुद्धा रंगवून झाला होता. किशोरभाऊंच्या वडिलांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता, आणि मला कौतुकाने दाखवत होते. बेस उघड्या लोखंडाला टेकला पाहिजे, मधे रंग आला की अर्थिंग धड मिळत नाही, हे मला पाठ होतं. पण पूजेच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्या माणसासमोर ताजा रंग खरवडणं माझ्या जिवावर आलं. दसरा झाला की खरवडू, म्हटलं. बेस रंगावरच बसवला, त्याची अर्थिंगची हिरवी वायरही त्याच रंगीत पत्र्यावर आवळली. आणि विसरलो. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा रंग खरचटला, तेवढ्यावर तीन महिने काम चाललं. मोठी मोटर सुरू होताना जो विजेचा धक्का येतो, तो जिरायला तेवढी वाट पुरत नव्हती.

कानशीने पत्रा लोखंडापर्यंत घासला, दातेरी वॉशर घातले, हिरवी वायर थेट तांब्याच्या अर्थपट्टीला नेली. अर्ध्या तासाचं काम. नंतर मोटर वीस वेळा चालवली, दिवा आला नाही.

केबिनमध्ये जाऊन किशोरभाऊंना सगळं सांगितलं. चूक माझी, याकोबची नाही, त्याला परत बोलवा.

"चालू व्हयनं ना? मंग बस," ते म्हणाले. "तेन्हा जागावर मन्हा साडू शे आते."

मी दोनतीनदा विषय काढला. त्यांनी चहा मागवला.

रविवारी मी याकोबच्या गावाला गेलो. प्रार्थनेहून तो नुकताच आला होता, पांढरा शर्ट अंगावर तसाच. गुजरातेत सेंट्रिंगच्या कामाला जात होता. मी अंगणातच सगळं सांगून टाकलं, रंगापासून कानशीपर्यंत. त्याने मध्ये फक्त एक विचारलं, कितव्यांदा मोटर चालवल्यावर लाल दिवा आला. चौथ्यांदा, मी म्हटलं. त्याने मान हलवली.

मग म्हणाला, "हे किशोरभाऊंना सगळ्यांसमोर सांगितलं का?"

"नाही. केबिनमध्ये."

"माझं सगळ्यांसमोर सांगितलं होतं," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. त्याची बायको पाणी घेऊन आली.

सोमवारी पाळी बदलताना मी प्लांटवर उभा राहून मोठ्याने सांगितलं. उपसणाऱ्या बायांपैकी एकीने विचारलं, मग तो येणार का परत? मी नाही म्हटलं. त्या कामाला लागल्या.

आता बेस बसवण्याआधी मी पत्रा खरवडतो, कोणीही रंगवलेला असो. ऑपरेटर सांगेल ते त्याच्यासमोर करून बघितल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. माझी कामं चांगली होतात म्हणतात लोक. याकोब अजून सेंट्रिंगलाच जातो.