उपाशी पोटी वाढणारी साखर

"पायाचा अंगठा काढावा लागेल," नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढच्याच दमात विचारलं, "गोड चोरून खाता का, मालक?"

मी भडकलो. लातूरच्या बाजारात डाळीचा व्यापार मी एकट्यानं उभा केला. माझ्या शब्दावर लोक माल सोडतात. आणि इथं मी चोर?

घरीही तेच. सकाळची साखर वाढली की बायको म्हणायची, "अहो, खरं सांगा, दुकानात पेढे खाऊन राहिले का?"

आमच्याकडं महादेवाचा सोमवार कडक. पायाची जखम चिघळली तसा ती बरी व्हावी म्हणून मी रोजच संध्याकाळचा उपास धरला. पोटात अन्न नाही तर मधुमेहाची गोळी कशाला, म्हणून तीही सोडली. तरी साखर चढतच गेली.

डॉक्टरांनी समजावलं. यकृत साखरेचा साठा करतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. जेवण नसलं की ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम तो साठा फोडून साखर रक्तात सोडतं.

"तुमच्या गोदामाला कुलूपच राहिलं नाही. गोळी थोडंफार आवरत होती, ती तुम्ही बंद केली."

"मग त्या एन्झाइमलाच अडवणारं औषध द्या."

"त्याला इनहिबिटर म्हणतात. संशोधन झालंय, पण काहींचा परिणाम टिकला नाही. दुकानात मिळत नाही."

"तुम्ही भाव तर सांगा!"

"भाव कसला, मालक? मालच नाही."

तरी म्हणालो, "अर्धा अंगठा ठेवा."

"आज अंगठा. घासाघीस करत बसलात तर पाऊल."

अंगठा गेला. ज्यांना साखर आहे त्यांना एवढंच सांगतो: उपास धरायचा तर आधी डॉक्टरांना विचारा. मनानं गोळी सोडू नका.

आता सोमवारीही बायको भाकरीचं ताट आणि गोळी पुढं ठेवते. "जेवा. महादेवाला मी सांगते." पेढ्यांचं बोलली त्याबद्दल तिनं कधी चूक कबूल केली नाही. ते मला अजून सलतं.

पण दुसऱ्या पायालाही आता चिमटा कळत नाही. रोज संध्याकाळी ती तो पाय मांडीवर घेते, मोबाईलचा उजेड पाडून तळव्यावर कुठं जखम आहे का ते न्याहाळते. मला वाकता येत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत बसतो.

"काही न्हाई," ती म्हणते.

तेवढ्यावर मी उद्यापर्यंत तग धरतो.