पोळ्याला निघालेला जिराफ

धायरीतल्या ज्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गोदाबाई राहत, ती त्यांच्याच शेतात उभी होती. बिल्डरला जमीन दिली तेव्हा गोठा गेला, बैल गेले आणि मोबदल्यात हा फ्लॅट आला. "आधी रानात राहत व्हतो, आता रानाच्या वर राहतो, येवढंच," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत.

ओठात एक आणि पोटात एक हा प्रकार गोदाबाईंकडे नव्हता. मनात आलं की तोंडावर. लोकांनाही त्याची सवय झाली होती, पण एक वाक्य मात्र त्यांना फार महागात पडलं.

त्यांचा मुलगा शंभू आणि वर्ध्याकडची सून उत्कर्षा, दोघंही हिंजवडीत कंपनीत. लग्नानंतर उत्कर्षाला दिवस गेले. शंभू कामासाठी अमेरिकेत राहून आलेला. तिकडे बाळाच्या खोलीची एक भिंत खास रंगवतात हे त्यानं सांगितलं आणि हिनं मनावर घेतलं. शनिवार-रविवार बसून तिनं स्वतःच्या हातानं जंगल रंगवलं. त्यात एक जिराफ, जिथं पाळणा ठेवायचा तिथं मान वाकवून बघणारा. गोदाबाई दारातूनच म्हणाल्या, "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी! जल्माच्या आधी कुणी पोराची खोली सजवतं व्हय? आमच्यात टोपडंसुदीक शिवत न्हाईत." उत्कर्षा हसली. जिराफाचे डोळे तेवढे काढायचे राहिले होते.

सातव्या महिन्यात ते मूल गेलं.

त्यानंतर गोदाबाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. सुनेला गरम जेवू घातलं, तिचे पाय चेपले. पण बोललेलं काही परत गिळता येत नाही. खोलीचं दार बंद झालं, आत बॅगा आणि कांद्याचं पोतं जाऊन पडलं. उत्कर्षा पूर्वीसारखीच "आई" म्हणे, फक्त म्हणताना ताटाकडे बघे. ते गोदाबाईंना लागे. फार लागे.

आता तिला पुन्हा आठवा महिना होता आणि घरात बाळाची एक वस्तू नव्हती. शंभूनं हौसेनं इवलेसे मोजे आणले, तर तिनं ते त्याच्या ऑफिसच्या बॅगेत परत कोंबले. सासूचा नियम सून सासूपेक्षा कडक पाळत होती. गोदाबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्याची काचेची बरणी उचलून चालावं तशी ती पोर घरात वावरायची, आणि ते बघून त्यांचाच जीव तुटायचा.

दिवाळीच्या आधी शंभूनं घराचं रंगकाम काढलं. रंगारी उत्तरेश्वर सकाळी आला. उत्कर्षा निघता निघता त्याला म्हणाली, "आतल्या खोलीतली भिंत पांढरी करून टाका," आणि मागं न बघता लिफ्टमध्ये शिरली.

उत्तरेश्वरनं बॅगा बाहेर काढल्या, पोतं सरकवलं, आणि गोदाबाईंना कितीतरी दिवसांनी ती भिंत सबंध दिसली. तो बिनडोळ्यांचा जिराफ अजून तसाच वाकलेला होता.

"थांब. ही भिंत ऱ्हाऊ दे."

"अहो आजी, मॅडम सांगून गेल्यात."

"मॅडमची सासू घरात हाय का न्हाई? जा, हॉल रंगव. भिंत काय पळून जात न्हाई. मला तेवढा लाल-पिवळा अन् काळा रंग दे."

रंग हातात आला, पण करायचं काय हे गोदाबाईंना ठाऊक नव्हतं. जिराफ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बैल मात्र उभ्या आयुष्यात दरसाल सजवले होते. जिराफाला दोन शिंगं होती, एवढं त्यांना पुरलं. शिंगं लाल झाली. गळ्यात घुंगुरमाळ आली, पाठीवर ठिपक्याठिपक्यांची झूल पडली, कपाळावर बाशिंग चढलं.

संध्याकाळी उत्कर्षा घरी आली ती थेट त्या खोलीत, आणि दारातच थबकली.

"आई, हे काय केलंत?"

"जिराफच हाय. पोळ्याला निघालाय."

उत्कर्षा हसली नाही. "आधी सजवू नये असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग आता हे कशाला? माझ्यामुळेच गेलं असं वाटतं ना तुम्हाला? एकदा स्पष्ट बोला तरी!"

गोदाबाई जवळच्या बॅगेवर बसल्या.

"शंभूच्या आधी मला एक पोर झालं व्हतं. त्यालाबी ठाव न्हाई. तवा म्या समदं पाळलं. टोपडं न्हाई, दुपटं न्हाई, गोधडीचा एक टाका न्हाई. तरी गेलंच की. अन् मग मागं काय बी उरलं न्हाई. हातात धरून रडायला चिंधीसुदीक न्हवती गं. तुझ्या लेकराची निदान ही भिंत हाय. ती कशापायी पुसतीस? मी तवा बोलले ते भ्यालेले म्हणून बोलले. तुझ्या भिंतीनं काय बी झालं न्हाई."

उत्कर्षा हळूच त्यांच्याशेजारी टेकली. तिनं विचारलं, "मुलगी होती?"

"व्हय."

"नाव काय ठेवणार होतात?"

बारसंच झालं नाही त्या पोरीचं नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं. "मनात ठेवलं व्हतं," गोदाबाई म्हणाल्या. "मुक्ताई." ते नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. त्या पदर तोंडाला न लावता रडल्या आणि उत्कर्षानं त्यांचा रंगानं माखलेला हात धरून ठेवला.

मग नाक पुसून त्यांनी ब्रश सुनेपुढे केला. "डोळं ऱ्हायलेत. ते आईनंच काढायचे असतात."

असा काही नियम धायरीत कधी नव्हता. गोदाबाईंनी तो तिथल्या तिथं केला होता.

उत्कर्षानं ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि सावकाश एक डोळा काढला, मग दुसरा. बाशिंग बांधलेला जिराफ पाळण्याच्या रिकाम्या जागेकडे बघू लागला. बाहेर शंभू नुकताच येऊन बूट काढत होता. तिनं खोलीतूनच हाक मारली, "शंभू, ते मोजे अजून तुझ्या बॅगेतच आहेत का रे?"