दर चौथं रोप

पुतण्याचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं. शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही. यकृतात, मेंदूत साचत जातं. एक दोष आईकडून, एक बापाकडून, दोन्ही जुळले तरच हा आजार होतो. औषध जन्मभर. हे सगळं त्यांनी माझ्या थोरल्या भावाला समोर बसवून सांगितलं. दारव्ह्याला घरी पोहोचेपर्यंत त्यातली फक्त आई उरली होती.

"हिच्या माहेरचं बियाणंच बोगस निंघालं," भाऊ ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. वहिनी आत भाकरी थापत ऐकायची. तिला बोरीला माहेरी पोहोचवून द्यायचं घाटत होतं, कायमचं. मला शिसारी यायची त्या ओट्याची. पण मी पडलो वनस्पतिशास्त्राचा मास्तर, भांडणं मला जमत नाहीत. म्हणून एका रविवारी प्रयोगशाळेतला रोपांचा ट्रेच उचलून घरी नेला.

मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं रोप. माणसात तांबं हलवणारं जे जनुक बिघडतं, त्याचा जवळचा नातलग यातही असतो, म्हणून माणसाचा आजार आम्ही या रोपावर तपासतो. भावाला दाखवलं: हे झाड वरून धडधाकट, पण आत दोष लपलेला. आणि ही त्याच्याच बियांची रोपं. चारातलं साधारण एक पिवळं, खुरटं, ज्यात दोष दोन्हीकडून आला ते.

भाऊ वाकून बघत राहिला. उभा जन्म कपाशीत गेलेला माणूस.

"झाड त एकच हाये. मंग बाप कुठी हाये याच्यात?"

"एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, दादा."

"म्हंजे बाप नाहीच. मी तेच सांगून राह्यलो."

त्यानं शेजाऱ्याला हाक मारली, एक पिवळं रोप उपटून त्याच्या हातावर ठेवलं. "पाह्य, सायन्सबी तेच म्हणते." माकडाच्या हाती कोलीत मीच दिलं होतं. दोघं खो खो हसले.

पिठाच्या हातांनी वहिनी बाहेर आली.

"लग्नाच्या आंधी मी कपाशीच्या बीजप्लॉटवर कामाले जात होती," ती भावाला म्हणाली. "नराचं फूल खुडून मादीले लावल्याबिगर बोंड धरत नाही."

भावानं मान फिरवली. मग ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, तुमचं आन् ह्यायचं रक्त एकच. तुमची तपासणी केली?"

"नाही."

डॉक्टरांनी मलाही करून घ्या म्हटलं होतं. कॉलेजात परीक्षा आहेत, असं मी सांगितलं होतं. खरं म्हणजे महागावला माझं लग्न जमलं होतं, आणि अहवालात काही निघालं तर ते मोडेल याची मला धास्ती होती.

"महागावच्या पोरीले सांगतलं, घरात असा आजार हाये म्हून?"

"नाही सांगितलं."

वहिनीनं ट्रेकडे पाहिलं, पदराला हात पुसले.

"मंग हे गवत कायले आणलं आमच्या दारात?"